शब्दचर्चा : 'मॉड्युलेशन'ला मराठीत काय म्हणावं?

नौपाडा, ठाणे
नमस्कार. मी लहान मुलांना कीबोर्ड शिकवते, त्यांच्यासाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. 'मॉड्युलेशन'पाशी गाडी अडली. गाणं चालू असतानाच एका स्केलमधून दुसऱ्या स्केलमध्ये जाणं, एवढाच त्याचा अर्थ. मी सरळ 'पट्टी बदलणे' लिहून टाकलं. बाबांनी ते खोडलं. त्यांचं आयुष्य पेटीच्या साथीत गेलं. त्यांनी स्केल चेंजर पेटी पुढ्यात ओढली, काळी एकला (सप्तकातली पहिली काळी पट्टी सा धरून) भूप रागाची सरगम वाजवली, मग पट्ट्यांची अख्खी फळी एक घर सरकवली आणि बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवून तीच सरगम पुन्हा वाजवली. भूप अर्धा सूर वर चढला, बाकी काहीच हललं नाही. "ही पट्टी बदलली. तुला हे म्हणायचंय का?" मला हे म्हणायचं नव्हतं. मग शब्द कोणता?

नेरुळ
ताई, बाबांचं बरोबर आहे. मुळात 'पट्टी' हा शब्द उंची सांगतो. 'वरच्या पट्टीत बोलू नकोस' म्हणतो तेव्हा आवाज चढलेला असतो, विषय तोच असतो. गायिकेची पांढरी पाच, गायकाची काळी एक, हीसुद्धा उंचीच. मॉड्युलेशनमध्ये उंची नव्हे, घर बदलतं. कान ज्या सुराला 'सा', म्हणजे आधाराचा सूर, मानून बसला होता, तो मान दुसऱ्या सुराकडे जातो.

सरगममध्ये सांगतो, मुलांना पटकन कळेल. पांढरी एक हा सा धरा, सगळे स्वर शुद्ध. पंचमाला (प), म्हणजे पांढरी पाचला, सा करायचं आहे. सात सुरांतला एकच बदलावा लागतो : मध्यम (म) तीव्र होतो, म्हणजे अर्धा सूर चढतो. तो तीव्र मध्यम म्हणजेच नव्या सा चा शुद्ध निषाद (नी), म्हणून तो वाजला की कान आपोआप पंचमाकडे ओढला जातो. पण तो एकदम वाजवला तर दचकायला होतं. म्हणून आधी ध-सा-ग हा कॉर्ड (तीन सूर एकत्र) घ्यायचा. जुन्या घरात तो ध-सा-ग, नव्या घरात तोच रे-म-ध. दोन्हीकडचा.

आमच्या ट्रान्स हार्बर लोकलचं उदाहरण घ्या. ठाण्याहून निघालेली गाडी दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्याला येते. डोळे मिटून बसलेल्याला तोवर कळत नाही की गाडी वाशीची आहे की नेरुळकडची. तुर्भ्यानंतर सांधा बदलतो आणि पुढचं स्टेशन सानपाडा की जुईनगर ते ठरतं. तो ध-सा-ग म्हणजे तुर्भे. त्याला मराठीत 'सांध्याचा कॉर्ड' म्हणावं असं मला मनापासून वाटतं. रुळांसाठी 'सांधा' आपण रोज वापरतो, तोच इथे चपखल बसतो.

वाशी
आपल्याकडे 'मूर्च्छना' हा शब्द तयार असताना नवा कशाला? भूपाचे पाच स्वर घ्या, गंधाराला (ग) सा माना, मालकंस राग होतो. रिषभाला (रे) माना, मध्यमाद सारंगाचे स्वर मिळतात. पंचमाला दुर्गा, धैवताला (ध) धानी. सा बदलणं ते हेच.

नौपाडा, ठाणे
काका, मीही आधी तिथेच गेले होते. पण मूर्च्छनेत स्वर तेच राहतात आणि सा सरकल्यामुळे त्यांची नाती बदलतात, म्हणून भूपाचा मालकंस होतो. वरच्या उदाहरणात उलट आहे : नाती तीच ठेवायची, म्हणून एक स्वर बदलावा लागला. सी मेजरहून ए मायनरला, म्हणजे पांढरी एकचा सा सोडून पांढरी सहाला, गेलो तर मात्र स्वर बहुतेक तेच राहतात, तिथे मूर्च्छना म्हणणं शोभेल. सगळ्याच मॉड्युलेशनला नाही.

ठाणे पूर्व
मी तबला वाजवतो. गाणारे 'मध्यम करून गातो' म्हणतात, म्हणजे मध्यमाला सा धरतात, तेही सा बदलणंच आहे. काळी एकचा गायक भजनाला काळी तीनला सा धरतो. माझा तबला काळी एकलाच मिळवलेला असतो, तरी खटकत नाही, कारण जुना सा हा नव्या सा चा पंचम होतो. तानपुऱ्याचा पंचम मात्र मध्यमाला लावून घ्यावा लागतो. आणि हे होतं दोन चिजांच्या (गायच्या रचनांच्या) मध्ये. चालू चिजेत तानपुरा सा धरून बसलेला असतो, त्याला हलवणार कोण? आपल्याकडे नेमका शब्द नाही तो यामुळेच, असं माझं मत.

नेरुळ
दादा, पटलं. जॅझवाल्यांची गोष्ट अगदी दुसऱ्या टोकाची. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स' या रचनेत तीन सा आहेत, एकमेकांपासून शुद्ध गंधाराच्या अंतरावर, आणि काही मात्रांतच ते पालटतात. त्यावर आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं, म्हणजे आत्ता कुठल्या घरात आहोत हे बोटांआधी कानाला कळायला हवं. हे लक्षात घेऊन मी 'षड्जपालट' सुचवतो, षड्ज म्हणजे सा. खांदेपालट, हवापालट यांच्या पंगतीत बसतो. 'सापालट' नको, वाचताना आधी सापच दिसतो.

ऐरोली
'आवाजातील चढउतार' असं एका शब्दयादीत पाहिलं होतं. तो निवेदकाच्या व्हॉइस मॉड्युलेशनचा अर्थ आहे, इथे घेऊ नये.

नौपाडा, ठाणे
टिपणात आता 'षड्जपालट' आणि 'सांध्याचा कॉर्ड' लिहिलं आहे. बाबांनी दोन्ही दोनदा मोठ्याने म्हणून पाहिले आणि खोडले नाहीत. वर्गात एका मुलीने विचारलं, शेवटचं कडवं एकदम अर्धा सूर वर जातं, मध्ये काहीच न वाजता, त्याला काय म्हणायचं? तिथे सांधा नाही, नाती तीच, चाल तीच. तिला मी 'पट्टी चढवणे' सांगितलं. माझा खोडलेला शब्द तिथे बरोबर बसला.