८७ ची पद्मिनी अन् २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, काय करा लागते?

पद्मिनीवाला, दारव्हा:
राजेहो, बाबांची ८७ ची प्रीमियर पद्मिनी हाय माह्यापाशी, विकाची नाही, चालू ठेवाची हाय. पहिले महिनाभर उभी असली तरी दोन सेल्फात सुरू होये, आता पंधरा दिवसातच चोक ओढून ओढून हात दुखते. मागच्या आठवड्यात लाडखेडच्या अलीकडे भर दुपारी बंद पडली, बोनेट उघडलं तं पंपाजवळचा रबरी पाइप बोटानं दाबला तर चिकट नरम, वरून पेट्रोलचा घाम, अन् फिल्टरात तांबडा गाळ. मिस्त्री म्हणते कार्बोरेटरच नवीन टाका. हे इथेनॉलचंच काम हाय का? बिनइथेनॉलचं तं आमच्या इकडे भेटतच नाही.

गॅरेजवाला, अकोला:
भाऊ कार्बोरेटर फेकू नका, दोष त्याचा नाही. इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षाचा चिकटा अन् गंज सोडवते, तो सगळा फिल्टरात अन् जेटात (कार्बोरेटरातलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) येऊन बसते. पहिले टाकी उतरवून धुवा, मग बाकीचं. पाइप साधा घेऊ नका, व्हिटॉनचा (इथेनॉल सोसणारं रबर) मागा, महाग पडते पण टिकते, अन् पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) अन् कॉर्कचे पॅकिंगही त्याच्यासंगच बदला, कारण त्या काळचं रबर २० टक्क्यासाठी बनलंच नोतं. आपल्याकडे एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांतच तसे पार्ट यायला लागले.

आणखी एक, इथेनॉल हवेतलं पाणी ओढते. पाणी जास्त झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसते अन् पेट्रोल वर राह्यते. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी उभी करणं म्हणजे गंजाले आवतन. भरून ठेवा, नाहीतर पूर्ण रिकामी करा.

अँबेसेडर ६८, वर्धा:
गॅरेजवाल्या दादाचं बरोबर, पण भर दुपारी बंद पडली ते गाळानंच असं धरू नका. आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जाते, पंप इंजिनला चिपकून असते, पाइपात पेट्रोलची वाफ होते अन् पुढे सरकत नाही. मी सुती फडकं ओलं करून पंपावर गुंडाळतो, दहा मिनिटात गाडी सुरू. आमचे बाबा इथेनॉल नसतानाही हेच करत.

टाकी साफ झाल्यावर स्पार्क प्लग काढून पाहा. पांढरा पडला असन तं मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) जाऊन रायलं, इथेनॉल आपला ऑक्सिजन संग घेऊन येते म्हणून. मेन जेट एक नंबर मोठा टाका, पण आधी साफसफाई, जेटाले हात शेवटी. अॅव्हरेज थोडं कमी होईनच, नीती आयोगाच्याच अहवालात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या अन् १० टक्क्यासाठी जुळवलेल्या चारचाकींसाठी ६-७ टक्के लिहिलं हाय.

मक्यावाला, मलकापूर:
किती टक्के हाय ते घरी पाहाता येते. काचेच्या मापात ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी, हलवून ठेवा. खालचा थर (पाणी अन् इथेनॉल) २८ मिलीच्या जवळ आला तं २० टक्के समजा. मी मका लावतो, इथेनॉलमुळं आमच्या मक्याले गिऱ्हाईक भेटते, त्याच्या विरोधात मी नाही, पण जुन्या गाडीवाल्यासाठी एखाद्या पंपावर तरी साधं पेट्रोल ठेवा, एवढं मागणं चुकीचं नाही.

पद्मिनीवाला, दारव्हा:
टाकी उतरवली भाऊ, तळातून ओंजळभर तांबडा चिखल निघाला. व्हिटॉनचा पाइप अन् डायफ्राम नागपूरहून मागवला. आता दर रविवारी दहा किलोमीटर तरी फिरवतो, फडकं डिकीत ठेवलं हाय.