मदत हवी आहे : झेनोमायमध्ये रांग भरल्यावर नव्याऐवजी जुने नमुने कसे टाकून द्यावेत?

झेनोमाय ३ (लिनक्सवर रिअल-टाइम, म्हणजे काटेकोर वेळेत व्हावी लागणारी, कामे चालवणारी प्रणाली) च्या कोबाल्ट या गाभ्यावर माझा एक रिअल-टाइम थ्रेड दर मिलिसेकंदाला ४८ बाइटचा नमुना एक्सडीडीपी (रिअल-टाइम थ्रेड आणि साधी लिनक्स प्रक्रिया यांच्यात संदेश नेणारा झेनोमायचा मार्ग) सॉकेटवर पाठवतो आणि दुसऱ्या टोकाला एक साधी लिनक्स प्रक्रिया ‘आरटीपी०’ हे डिव्हाइस वाचून तो डिस्कवर नोंदवते व पडद्यावर दाखवते. एरवी सारे सुरळीत चालते. मात्र डिस्कवरचे लेखन काही सेकंद अडकले की रांग भरते आणि नमुना पाठवणाऱ्या ‘सेंडटू’ या कॉलला ‘ईनोमेम’ (स्मृती शिल्लक नाही) ही त्रुटी मिळते. तेव्हा ताजे नमुने वाया जातात आणि शिळे रांगेत पडून राहतात, जे माझ्या गरजेच्या नेमके उलट आहे.

सॉकेट बाइंड करण्याआधी त्याच्या पूलचा (रांगेतल्या संदेशांसाठी राखलेल्या स्मृतीचा) आकार १६ वरून २५६ किलोबाइट केला. पण त्यात फार तर पाच सेकंदांचे नमुने मावत असल्यामुळे अडचण केवळ पुढे ढकलली गेली. वाचन आणि लेखन वेगवेगळ्या थ्रेडमध्ये केल्यावर त्रुटी बऱ्याच कमी झाल्या, तरी यंत्रावर ताण आला की वाचणारा थ्रेडही मागे पडतो.

प्रत्येक नमुन्यात अनुक्रमांक असल्यामुळे मधले काही गळाले तरी चालेल. मात्र नियंत्रणाच्या लूपमध्ये ‘मॅलॉक’ (स्मृती मागणारे फंक्शन) किंवा लिनक्सचे साधे सिस्टम कॉल वापरता येणार नाहीत, कारण त्यामुळे थ्रेड दुय्यम मोडमध्ये, म्हणजे साध्या लिनक्सच्या ताब्यात, जातो.

तर एक्सडीडीपीमध्येच पाठवणाऱ्या बाजूने सर्वांत जुना नमुना काढून टाकण्याची सोय आहे का, की सामायिक स्मृतीत विना-कुलूप (लॉक न वापरणारा) वर्तुळाकार बफर स्वतःच बांधावा लागेल?