अनुभव धागा: लहान मुलं, गाण्यातले राग, चित्रं आणि कात्री-खळ

अंबाझरीकाठ

सुट्ट्या लागल्या की नागपुरात सकाळी अकरानंतर मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. पारा ४५ च्या आसपास, पडदे ओढलेले, कूलर सुरू आणि घरात पाच-सहा वर्षांचं पोर. मग घोटीव कागद, कात्री, खळ निघते. शास्त्रीय संगीत आणि मोठ्या चित्रकारांची चित्रं या वाटेने तुमच्या घरातल्या मुलांपर्यंत कशी पोचली ते इथे लिहा. नागपूरकरांना आग्रहाचं निमंत्रण, बाकीच्यांचंही स्वागत.

माझं मत आधीच सांगते. मागे गाणं लावायचं आणि समोर फुलपाखरू रंगवायला द्यायचं, यात गाणं भिंतीवरच्या घड्याळासारखं होतं. चालू असतं, ऐकत कुणी नाही. हातातलं काम त्या रागातून किंवा त्या चित्रातूनच निघालेलं हवं.

आमच्याकडे भूप रागापासून सुरुवात झाली. पुठ्ठ्याच्या खोक्यातून सा ते वरचा सा असा आठ पायऱ्यांचा जिना केला, एकेका पायरीवर एकेक स्वर लिहिला. भूपात म आणि नी नाहीत, म्हणून त्या दोन पायऱ्या लेकीनेच कापून काढल्या. मग कापडाची छोटी बाहुली घेऊन मी गायचे आणि ती बाहुलीला चढवायची: सा, रे, ग, मग उडी मारून प, ध, पुन्हा उडी आणि वरचा सा. उडी कुठे मारायची हे तिला पाठ करावं लागलं नाही, तिथे पायरीच नव्हती.

खरी मजा देशकार रागाच्या वेळी आली. देशकाराचे स्वर तेच पाच, तरी राग वेगळा. भूपाचा वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा स्वर, ग; देशकाराचा ध. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरातला, देशकार सकाळचा. पाच वर्षांच्या मुलीला वादी-संवादी काय सांगणार? मी एवढंच म्हटलं, "या गाण्यात बाहुली कुठे बसून राहते ते बघ." भूप लागला की ती बाहुलीला ग वर बसवायची. देशकार लावला तेव्हा बाहुली वरच रेंगाळायला लागली. लेक म्हणाली, "आई, आज हिला खाली यायचंच नाहीये." मी स्वतः हा फरक बऱ्याच मोठ्या वयात शिकले. ती तो पुठ्ठ्यावर बघत होती.

डग्गा

ताई, जिना फार आवडला. मी नागपूरच्या महाल भागात तबला शिकवतो. तुमच्या मताला माझा पाठिंबा आहे, पण मी आणखी कडक आहे. कात्री हातात असताना कान मिटतात. म्हणून माझ्याकडे वस्तू आधी करून घेतो आणि ऐकताना फक्त ती वापरायची.

आमची वस्तू म्हणजे तीनतालाची माळ. १६ मात्रांच्या १६ जागा, १५ लाकडी मणी आणि एक पोकळ तुकडा, जाड दोऱ्यात, गोल बांधलेली. पहिला मणी लाल, ती सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. पाचवा आणि तेरावा पिवळा, तिथे टाळी. नववा मणी नाहीच, त्या जागी कागदी स्ट्रॉचा पोकळ तुकडा, ती खाली, म्हणजे टाळी न देता नुसता हात हलवायची जागा. बाकीचे साधे. ठेका सुरू झाला की मात्रेगणिक एकेक मणी बोटांतून सरकवायचा. पोकळ तुकडा हाताला लागतो आणि त्याच सुमाराला डग्ग्याचा, म्हणजे जोडीतल्या मोठ्या वाद्याचा, घुमारा निघून जातो. एक मुलगा थांबून म्हणाला, "सर, मोठा वाला गेला!" त्या दिवसापासून त्याला खाली समजावून सांगावी लागली नाही. थोडी मोठी मुलं रूपकाची माळ करतात. त्यात सातच मात्रा आणि खाली समेवरच येते, म्हणजे पोकळ तुकडा अगदी पहिला. त्यावर मुलं भांडतात, आणि ते भांडण मला फार मोलाचं वाटतं.

मैफलीला नेतानाही माळ खिशात असू द्या. सिव्हिल लाइन्सच्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात मी मुलांना कडेच्या खुर्च्यांवर बसवतो. मध्य लयीची एक बंदिश पूर्ण ऐकायची आणि कंटाळा यायच्या आत उठायचं. निघताना सांगतो की ज्यांचं नाव या सभागृहाला आहे ते वसंतराव लहानपणी आपल्या नागपुरातच, शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले. मुलांना हे ऐकून एकदम जवळचं वाटतं.

तीन वर्षांखालच्या मुलांना मणी देऊ नका. तोंडात जातात.

त्रिमूर्तीनगरवाली

आमचं जलतरंग. चिनी मातीचे वाडगे, पाणी, दोन पेन्सिली. पाणी वाढवलं की स्वर उतरतो, कमी केलं की चढतो. लेकाने चमच्या-चमच्याने पाणी घालून आणि काढून सा, रे, ग, प, ध लावले. सुराला पेटीचं ॲप होतं, पण शेवटचा अर्धा चमचा तो कानानेच ठरवायचा. मे महिन्यात सकाळी लावलेले वाडगे संध्याकाळपर्यंत चढे लागायचे, कारण पाणी उडून जायचं. "उन्हाने माझा सा पिऊन टाकला" अशी त्याची तक्रार! रोज पुन्हा लावावं लागलं, आणि त्यातच त्याचा कान तयार झाला.

सक्करदऱ्याची आजी

मला गाण्यातलं कळत नाही, चित्राचं सांगते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी पलंगाला खिळले. नातू चार वर्षांचा, दिवसभर माझ्याच खोलीत. सुनेने आम्हाला मोबाइलवर आंरी मातिस या फ्रेंच चित्रकाराची कागदी चित्रं दाखवली. १९४१ मध्ये त्याचं मोठं ऑपरेशन झालं, वय ७१. नंतर फार वेळ उभं राहून रंगवणं होईना. मग मदतनिसांकडून कागद रंगवून घ्यायचा आणि खुर्चीत नाहीतर पलंगावर बसून त्यातून थेट आकार कापायचा. आधी पेन्सिलीने काढणं वगैरे नाही. पानं, मासे, नाचणारी माणसं, सगळं कात्रीने.

म्हटलं, हे तर आपल्यालाही जमेल. नातू ताव रंगवायचा, निळे, केशरी, हिरवे. मी कापायची. पुढे त्याला बोथट टोकाची कात्री दिली. एक गोष्ट तोच शिकला: कात्री जागेवर ठेवायची आणि कागद फिरवायचा, मग वळण गोल येतं. मी माशाची शेपटी कापली की उरलेला कागद टाकू द्यायचा नाही. "आजी, हा पण मासाच आहे नं, पोकळ वाला!" आणि खरंच, तो उरलेला कागद दुसऱ्या रंगावर ठेवला की मासा दिसायचा. मातिसच्या चित्रांतही असे उरलेले आकार आहेत हे सुनेने नंतर दाखवलं. नातवाला त्याचं काहीच नवल वाटलं नाही.

गुडघा आता बरा आहे. कापणं सुरूच आहे.

नीळ

नागपूरचा धागा आहे तर सय्यद हैदर रझा यायलाच हवेत. जन्म १९२२, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा, आणि चित्रकलेचं शिक्षण १९३९ ते १९४३ आपल्या नागपूरच्या कलाशाळेत. त्यानंतर मुंबई, मग फ्रान्स. लहानपणी वर्गात लक्ष लागेना तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं, ही आठवण ते स्वतः सांगायचे. पुढे बिंदू हाच त्यांच्या चित्रांचा गाभा झाला.

मी जुळ्या मुलींना आधी फक्त बघायला लावलं. पांढऱ्या कागदावर काळं वर्तुळ चिकटवलं, भिंतीवर लावलं आणि तानपुरा सुरू केला. गाणं नाही, नुसता तानपुरा. मग त्या बिंदूभोवती काय हवं ते चिकटवा म्हटलं. एकीने लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्या चौकोनात लावल्या. दुसरीने काहीच लावलं नाही. बराच वेळ बघून म्हणाली, "हा आवाज पण इथूनच येतो." मी तिचा कागद तसाच ठेवला आहे.

अंबाझरीकाठ

नीळ, तुमच्या दुसऱ्या लेकीला काही चिकटवायला लावलं नाहीत हे फार बरं केलंत. प्रत्येक वेळी घरी न्यायला वस्तू तयार झालीच पाहिजे, हा हट्ट आपण मोठेच धरतो.

बोजारा

आमचा अनुभव तान्ह्या पोळ्याचा. बाहेरच्यांसाठी सांगतो: विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. बाजारचा रंगवलेला बैल न घेता साधा कोरा बैल आणला आणि त्यावर गोंड चित्रातली भरण केली.

जनगढसिंह श्याम यांची चित्रं आम्ही आधी बघितली. पाटणगढचा हा परधान गोंड चित्रकार. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रामुळे १९८० च्या दशकात जगाला कळला, २००१ मध्ये गेला. परधान हे मुळात गाणारे. तीन तारांचा बाना वाजवून गोंडांच्या देवांच्या आणि राजांच्या कथा गायच्या हे त्यांचं काम. हे कळल्यावर मुलाने विचारलं, "मग ठिपके म्हणजे गाणं का?" मी म्हटलं, करून बघ. काडेपेटीच्या काडीचं मागचं टोक रंगात बुडवून बैलाच्या पाठीवर ठिपके, पोटावर बारीक रेघा. हात एका लयीत पडला की ओळ सरळ यायची, घाई केली की ठिपके एकमेकांत मिसळायचे. शिंगं रंगवेपर्यंत तो आपोआप गुणगुणायला लागला होता.

त्या वर्षी बोजाऱ्यापेक्षा त्याला बैल दाखवण्याचीच घाई जास्त होती. शेजारच्या काकूंनी विचारलं तर सरळ म्हणाला, "हा गाणारा बैल आहे."

बर्डीचा बाबा

थोडं कडू लिहितो. मुलीच्या शाळेत व्हॅन गॉगचं रात्रीच्या आकाशाचं चित्र छापील रेघांसह रंगवायला दिलं होतं. शाळेचं नाव नको. तिने चंद्र हिरवा केला म्हणून कागद परत आला. घरी आम्ही मोठ्या पडद्यावर मूळ चित्र बघितलं. ते १८८९ चं आहे, सध्या न्यूयॉर्कला असतं. त्यातले फटकारे बघा, आकाश नुसतं वाहतंय. मग कूलरच्या जुन्या ताटीतलं गवत निळ्या रंगात बुडवून पुठ्ठ्यावर भोवऱ्यांसारखं चिकटवलं. चंद्र हिरवाच ठेवला. रंग जुळण्यापेक्षा ते वळण हाताला कळणं मला महत्त्वाचं वाटतं.

मानेवाडा

वरचं सगळं वाचून उत्साह आला. प्रश्न: अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या जुन्या संग्रहालयात, पाच वर्षांच्या मुलाला नेलं तर काय दाखवायचं?

नीळ

आधी पेंढा भरलेले प्राणी बघू द्या, नाहीतर लक्ष तिकडेच राहतं. मग शिल्पांच्या दालनात एकच मूर्ती निवडा आणि तिचा फक्त हात बघा. घरी येऊन तोच हात मातीत. शाडू नसेल तर चितार ओळीत मूर्तिकारांकडे विचारा, थोडी माती मिळून जाते. हे संग्रहालय १८६३ चं आहे, एका दिवसात संपवायची घाई कशाला?

वाळा

माझा अनुभव रागमालेचा. जुन्या लघुचित्रांत राग माणसासारखे काढलेले असतात. तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री, आणि तिच्या सुरांना भुलून जवळ आलेली हरणं. आम्ही सकाळी तोडी लावली. पुठ्ठ्याची वीणावाली मधे, कागदी हरणं खोलीच्या कोपऱ्यांत. नियम एकच: गाणं आवडलं की हरीण एक वीत पुढे, कंटाळा आला की तिथेच थांबायचं. आलापात हरणं फारशी हलली नाहीत. बंदिश सुरू झाल्यावर दोन पुढे आली. द्रुत तानांना भाच्याने सगळी हरणं उचलून दाराशी नेली. "घाबरली," म्हणाला. मला ते अगदी पटलं.

आता त्याला आसावरी हवी आहे, कारण त्या चित्रात साप असतात. वळवळणारा कागदी साप कसा करतात? माझे सगळे ताठ होतात.

बोजारा

पातळ कागदाचं गोल कापा आणि कडेपासून मध्यापर्यंत चकलीसारखं कापत जा. डोकं मध्यावर ठेवा, तिथे दोरा बांधा. कूलरच्या वाऱ्यात धरला की आपणच फिरतो. जाड कार्डशीट घेऊ नका, त्यानेच ताठ होतो.