बटाट्याला आलेली हिरवी फळं
ताई, कुंडीतल्या बटाट्याला टोमॅटोसारखी हिरवी फळं लागलीत म्हणताय ना, ती बटाट्याचीच आहेत, टोमॅटोशी क्रॉस वगैरे काही झालेलं नाही. पण पोरांच्या हाती लागू देऊ नका प्लीज, त्यात सोलानिन असतं, विषारी, आणि शिजवूनही ते जात नाही. आमच्याकडे जळगावला थंडी सरता सरता ऊन असं तापतं की फुलं बहुतेक गळूनच जातात, म्हणून फळ दिसलं की माणूस चक्रावतो. बी धरायचं तर फळ मऊ होऊ द्या, एकातून 100-200 बारीक बिया सहज निघतात, वांग्याच्या बियांपेक्षाही लहान. मात्र प्रत्येक बीचं झाड वेगळं, मूळ झाडासारखाच बटाटा येईल असं नाही, पहिल्या वर्षी तर छोटेच येतात. तरी ऑक्टोबरात रोपं करून बघाच!