मदत हवी आहे: बाबांची औषधचाचणी आणि मोबाईल ॲप

नमस्कार मंडळी, आम्ही लालबागचे. बाबा (वय 67) रक्तदाबाच्या नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचं म्हणतायत. चाचणी सीटीआरआयवर (देशातल्या औषधचाचण्यांची सरकारी ऑनलाइन नोंदवही) नोंदलेली आहे, ते मी पाहिलं. 2009 पासून ती नोंदणी सक्तीचीच आहे. अडचण वेगळीच. लक्षणं रोज ॲपमध्ये भरायची, मनगटावर चोवीस तास पट्टा, दवाखान्याच्या फेऱ्या कमी. फेऱ्या वाचणार म्हणून बाबा खूश, पण त्यांना ओटीपीसुद्धा मीच वाचून दाखवते! मी ऑफिसात असताना नोंद राहिली तर? कागदी डायरी मागता येते का? आणि मुख्य म्हणजे, रात्री ठोके वाढले तर कुणी लगेच फोन करतं, की आकडे नुसते साठत राहतात? संमतीपत्रावर सही शनिवारी आहे. कुणाला अनुभव असेल तर त्याआधी सांगा, प्लीज.