मोठ्या ग्रंथांतली पाने गाळून वाचावीत का?

पानगळ
जागतिक साहित्यातल्या ज्या ग्रंथांची नावे आदराने घेतली जातात, त्यांपैकी कित्येक ग्रंथ वाचकांच्या कपाटात अर्ध्यावर खूण घातलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे पडून असतात. ते अवघड असतात म्हणून असे होते, हे मला पटत नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत क्रमाने वाचलेच पाहिजे, ही अट आपणच स्वतःवर लादून घेतो आणि तिच्यापायी वाचन सोडून देतो. मेल्व्हिलच्या ‘मोबी डिक’ या देवमाशाच्या शिकारीवरच्या कादंबरीत (१८५१) कप्तान अहाब प्रथम जहाजावर दिसतो आणि आता काही घडेल असे वाटते, तोच चार प्रकरणांनी देवमाशांच्या जातींचे लांबलचक वर्गीकरण सुरू होते. टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’च्या उपसंहाराचा दुसरा भाग म्हणजे इतिहास आणि मानवी इच्छास्वातंत्र्य यांवरचा निबंधच आहे, ज्या माणसांसाठी आपण एवढी पाने वाचली, ती तेथे नाहीतच. खुद्द टॉलस्टॉयनेच १८७३च्या आवृत्तीत तात्त्विक चिंतनाचा बराच भाग कथेतून काढून परिशिष्टात टाकला होता. लेखकाला जी मुभा होती ती वाचकाला का नसावी? नावडता भाग ओलांडून पुढे जाणाऱ्या वाचकाने ग्रंथाचा अपमान केला असे मी मानत नाही, कारण तो निदान शेवटपर्यंत पोहोचतो.

अथपासून
मी पूर्णपणे असहमत आहे. प्रथम टॉलस्टॉयबद्दल: पुढच्या आवृत्त्यांत ते भाग पुन्हा आपापल्या जागी आले आणि आज आपण वाचतो ती रचना तीच आहे, तेव्हा तो दाखला अर्धाच ठरतो.

आता ‘मोबी डिक’. ज्या प्रकरणांना सर्वसाधारण वाचक माहितीपर म्हणून ओलांडतो, त्यांत ६०वे प्रकरण मोडते, कारण त्यात गळाच्या भाल्याला बांधलेल्या दोरीची माहिती आहे: ती कशाची करतात, पिंपात कशी गुंडाळून ठेवतात, होडीत बसलेल्या प्रत्येकाच्या अंगाजवळून ती कशी फिरवून नेतात, आणि देवमासा पळू लागला की तिचा एखादा वेढा माणसाला क्षणात कसा उचलून नेऊ शकतो. कथा तसूभरही पुढे सरकत नाही. मात्र पंचाहत्तर प्रकरणांनंतर, अगदी शेवटी, अहाबच्या गळ्याभोवती त्याच दोरीचा वेढा पडतो आणि तो होडीतून नाहीसा होतो. लेखकाने हा मृत्यू अवघ्या एकदोन वाक्यांत उरकला आहे, आणि तसे करणे त्याला परवडले, कारण ती दोरी काय करू शकते हे वाचकाला आधीच पुरते ठाऊक होते. ज्याने ते प्रकरण गाळले त्याच्या दृष्टीने अहाब अपघाताने मरतो.

ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’चेही (१८६२) तेच. दुसऱ्या खंडाच्या आरंभी वॉटर्लूच्या लढाईवर १९ प्रकरणे आहेत आणि ती वगळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यांतल्या शेवटच्या प्रकरणात रात्री रणांगणावर प्रेतांचे खिसे चाचपणारा एक चोर एका जखमी अधिकाऱ्याला ढिगाऱ्यातून ओढून काढतो, ते केवळ त्याच्या अंगावरच्या चीजवस्तूंसाठी. अधिकारी मात्र शुद्धीवर आल्यावर त्यालाच आपला प्राणदाता समजतो. हा चोर म्हणजे थेनार्दिए. पहिल्या खंडात त्याच्या खाणावळीवर ‘वॉटर्लूचा सार्जंट’ अशी पाटी आपण पाहिलेली असते, आणि त्या पाटीचा खोटेपणा येथे कळतो. पुढे त्या अधिकाऱ्याचा मुलगा मारियुस वडिलांच्या अखेरच्या इच्छेमुळे याच माणसाच्या उपकाराखाली बांधला जातो. एवढी गाठ जेथे मारली आहे तीच जागा आपण गाळायची?

पानगळ
आपली उदाहरणे उत्तम आहेत; पण ह्यूगोबाबत आपण एकोणीस प्रकरणांचा बचाव एका प्रकरणाच्या जोरावर करत आहात. उरलेल्या अठरांत लढाईचे डावपेच आणि नेपोलियनविषयीचे चिंतन आहे. त्यांवाचून मारियुसचे काहीही अडत नाही. चाळता चाळता शेवटच्या प्रकरणावर नजर ठरली तरी वाचकाचे काम भागते.

शिवाय वाचकांची ही तक्रार आजची नाही. ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ साली आला, आणि त्यात मध्येच घातलेली, किहोतेशी काहीही संबंध नसलेली एक स्वतंत्र कथा वाचकांना खटकली. १६१५च्या दुसऱ्या भागात सेर्व्हान्तेसने हा आक्षेप चक्क एका पात्राच्या तोंडी घातला: कथा वाईट नाही, पण ती तेथे अस्थानी आहे. पुढे त्याच भागात, अशा उपऱ्या कथा या वेळी टाळल्या आहेत, असेही तो सांगून टाकतो. म्हणजे कंटाळलेल्या वाचकाचे म्हणणे त्याने मनावर घेतले.

समासवाचक
येथे दोन गोष्टींची गल्लत होत आहे. वाचकाने आपल्या मर्जीने पाने ओलांडणे वेगळे आणि दुसऱ्या कोणी ती त्याच्यासाठी आधीच कापून ठेवणे वेगळे. पहिल्याला माझी हरकत नाही, कारण गाळलेले पान पुस्तकात तसेच असते. दुसऱ्याला मात्र सक्त विरोध आहे. ‘गलिव्हर’च्या (१७२६) चार सफरींपैकी बुटक्यांची आणि राक्षसी देहाच्या माणसांची, एवढ्या दोनच मुलांच्या संक्षिप्त आवृत्त्यांत बहुधा ठेवतात. त्यामुळे कित्येकांच्या मनात स्विफ्ट हा गमतीदार गोष्टी सांगणारा लेखक म्हणून राहतो. विवेकी घोड्यांच्या देशात जाऊन माणसाचीच किळस घेऊन परतलेला गलिव्हर त्यांना भेटतच नाही. ‘गेंजी’ या जुन्या जपानी कादंबरीची ५४ प्रकरणे आहेत, आर्थर वेलीने १९२५ ते १९३३ या काळात केलेल्या प्रख्यात इंग्रजी अनुवादात त्यांतले ३८वे प्रकरण आलेच नाही, आणि त्याच अनुवादावर विसंबलेल्या वाचकाला ते गाळायचे की वाचायचे हे ठरवण्याची संधीही मिळाली नाही. ‘मोबी डिक’चे उदाहरण निघालेच आहे तर सांगतो: लंडनच्या पहिल्या आवृत्तीत निवेदक कसा वाचला हे सांगणारे उपसंहाराचे पान नव्हते, आणि जहाजावरचे सगळेच बुडाले तर ही हकिगत सांगायला उरले कोण, असा प्रश्न तिकडच्या समीक्षकांनी विचारला. एका पानाच्या अभावी कादंबरी चुकीची ठरली.

संथवाचक
कंटाळ्याचे खापर पानांवर फोडण्याआधी वाचण्याच्या गतीकडे पाहावे. ‘युद्ध आणि शांती’चा आरंभीचा भाग १८६५पासून एका मासिकातून क्रमशः आला, ड्यूमाची ‘मॉन्ते क्रिस्तो’ तर दैनिकातून. मध्ये थांबावे लागणे हा त्या वाचनाचाच भाग होता. आपण तीच कादंबरी एका दमात संपवायला बसतो आणि दमलो की लेखकाला पाल्हाळिक म्हणतो.

पानगळ
हा मुद्दा क्रमशः आलेल्या कादंबऱ्यांपुरता ठीक आहे. ‘मोबी डिक’ मात्र सबंध ग्रंथ म्हणूनच बाहेर आली. समासवाचक यांचा भेद मला मान्य आहे आणि माझा आग्रह पहिल्या प्रकारापुरताच आहे. दोरीचे प्रकरण मी वाचेन. देवमाशांचे वर्गीकरण मात्र ओलांडेन, कारण त्याचे पुढे काही होत नाही.

अथपासून
कोणते प्रकरण पुढे उपयोगी पडणार आहे, हे आधीच ओळखण्याची युक्ती कळली तर मलाही सांगावी. ज्याने सगळे वाचले आहे त्याच्याखेरीज ती कोणापाशी असेल असे वाटत नाही. राहिला वर्गीकरणाचा प्रश्न. त्या ३२व्या प्रकरणात देवमाशांना फोलिओ, ऑक्टाव्हो, ड्युओडेसिमो अशा पुस्तकांच्या आकारांप्रमाणे मांडले आहे, एवढ्यावरूनच ही नुसती माहिती नव्हे हे ध्यानात यावे. शेवटी तर निवेदक स्वतःच हे काम अपुरे टाकतो, कोलोनचे कॅथीड्रल अर्धवट मनोऱ्यावरच्या यारीसकट सोडून दिले होते तसे, आणि आपल्या हातून काहीही पूर्ण होऊ नये अशी देवाची प्रार्थना करतो. वर्गीकरण गाळायचेच असेल तर निदान तो शेवटचा परिच्छेद वाचून मग गाळावे.