गावातल्या शाळांची तुलना तुम्ही कशी केली? अनुभव सांगा

आम्ही कोरेगाव तालुक्यातले. गावात झेडपीची शाळा, रोडला इंग्लिश मिडियम, आणि जूनला लेकीला पहिलीत घालायचीय. निकाल लागला की चौकात शिष्यवृत्तीवाल्या पोरांचे फ्लेक्स लागतात आणि घरचे सगळे त्यावरच बोलतात. ज्यांनी शाळा निवडली त्यांनी नेमकं काय बघितलं?

– मी पाटण भागात शिक्षिका आहे, दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग. शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथीला होती, 2016-17 पासून पाचवीला गेली, आता 2025-26 पासून परत चौथीला आणलीय; पण मधल्या वर्षांत चौथीपर्यंतच्या आमच्यासारख्या शाळा तुलनेतनंच गेल्या होत्या हो, चार वर्षं शिकवायचो आम्ही आणि फोटो लागायचा पाचवीच्या शाळेत. शिवाय वर्गात चारच पोरं असली तर एक पास झालं तरी पंचवीस टक्के, पुढच्या वर्षी शून्य. त्यावरनं शाळा कशी जोखणार?

– तासगाव. फ्लेक्सवर गेले ते किती विचारू नका, परीक्षेला बसवले किती ते विचारा. माझ्या पुतणीच्या शाळेत निवडक पोरांनाच जादा तास, बाकीची मागं बसून वही उतरवतात. तीनशे मार्कांच्या परीक्षेसाठी अख्खा वर्ग वाऱ्यावर सोडलेला बघून जीव तुटतो.

– नवोदयचं, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचं पण तेच. जिल्ह्याला साधारण ऐंशी जागा, आमच्या सांगलीचं पलूसला, साताऱ्याचं खावलीला. एखाद्या शाळेचं नाव झालं की आजूबाजूच्या गावची हुशार पोरं पाचवीला तिथंच येतात, मग निकाल वाढणारच की.

– आम्ही सरांना विचारून तिसरीच्या वर्गात बसलो. सरांनी दुसरीचं मराठीचं पुस्तक काढून शेवटच्या बाकावरच्या पोरीला धडा वाचायला दिला, ती बोट ठेवून अडखळत वाचत होती पण सर मधी बोलले नाहीत, तिचं तिनं वाक्य पुरं केलं, मग हातच्याची वजाबाकी फळ्यावर केली. आम्ही तिथंच नाव घातलं.

– जतकडचा आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला आईबाप गेले की आमच्याकडं वर्ग निम्मा होतो, पोरं परत येतात तवर अर्धा अभ्यासक्रम झालेला. ताई, त्या पोरांना मार्चमध्ये कोण घेऊन बसतं तेवढं विचारा दोन्ही शाळांत.